हेलियमची जागा : मूलद्रव्यांचे गण आणि आवर्त

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यात, वाघोटण खाडीच्या मुखाशी, विजयदुर्ग किल्ला उभा आहे. तेथे येणाऱ्या पाहुण्यास गावकरी काही ओटे मुद्दाम नेऊन दाखवितात. त्यांना 'साहेबाचे ओटे' असे म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. त्या वेळी लॉकियर नावाच्या इंग्रज ज्योतिर्विदाने या ओट्यांवर आपली उपकरणे मांडली व सूर्यात हेलियम वायू शोधून काढला, अशी कथा त्या ओट्यांशी जोडलेली आहे. अलीकडे त्या तारखेस किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. कोकणातील शाळकरी मुलांना ही कथा पाठ असते.

कथा गोड आहे. पण जशी सांगतात तशी ती खरी नाही. १८६८ च्या ऑगस्ट महिन्यात नॉर्मन लॉकियर हिंदुस्थानात आलेच नव्हते. ते लंडनमध्ये होते, तेथील युद्धखात्यात नोकरी करीत होते आणि फावल्या वेळात आकाश पाहत होते. विजयदुर्गास ते आले, हे मात्र निःसंशय. परंतु ते आले जवळजवळ ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ रोजीच्या दुसऱ्या खग्रास ग्रहणासाठी. दोन ग्रहणांच्या आठवणी लोकांच्या मनात एकत्र मिसळल्या, एवढेच झाले.

ही चूक दुरुस्त करावयाची ती कोकणचा मान हिरावून घेण्यासाठी नव्हे. या दोन ग्रहणांच्या मधल्या तीस वर्षांत रसायनशास्त्रात जे घडले ते फार महत्त्वाचे आहे. याच काळात मूलद्रव्यांची आवर्तसारणी जन्मास आली, तिची परीक्षा झाली, आणि सूर्यातून आलेल्या या एका मूलद्रव्यासाठी व त्याच्या भाऊबंदांसाठी तिला संपूर्ण नवा रकाना जोडावा लागला. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्यात उभ्या रांगांना गण व आडव्या ओळींना आवर्त का म्हणतात, हे ज्यास नीट समजून घ्यावयाचे आहे त्याने हेलियमच्या मागोमाग जावे.

पिवळी रेषा

१८६८ च्या ग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर चढली आणि विजापूर, गुंटूर असे करीत मछलीपट्टणाजवळ पूर्व समुद्रात उतरली. या पट्ट्यात ठिकठिकाणी शास्त्रज्ञ सज्ज होते. गुंटूरला फ्रान्सचे झान्सेन व इंग्रज अधिकारी मेजर टेनंट होते. मछलीपट्टणला मद्रासचे सरकारी ज्योतिर्विद पॉगसन होते. आणि आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी तळ ठोकला होता. युरेनस ग्रहाचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शेल यांचे हे नातू. मराठी मुलखाशी या ग्रहणाचा जो खरा संबंध आहे तो शोधावयाचा तर विजयदुर्गाइतकेच जमखंडीकडेही पाहिले पाहिजे.

हे सारे वर्णपटदर्शक घेऊन आले होते. चुलीच्या ज्वालेत मिठाची चिमूट टाकली तर ज्वाला क्षणभर पिवळी होते, हे प्रत्येक घरात कधी ना कधी दिसते. ते मिठातील सोडियमचे काम. तप्त वायूच्या अवस्थेत प्रत्येक मूलद्रव्य ठराविक रंगांच्या रेषा देते, आणि लोलकातून पाहिल्यास त्या रेषा आपापल्या ठरलेल्या जागी उमटतात. जर्मनीत बुन्सेन आणि किर्खोफ यांनी १८५९-६० च्या सुमारास ही गोष्ट सिद्ध केल्यापासून दूरच्या ताऱ्यातील द्रव्य ओळखण्याची किल्लीच माणसाच्या हाती आली होती.

ग्रहणाच्या त्या काही मिनिटांत सूर्यबिंबाच्या कडेबाहेर उसळलेल्या ज्वालांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या. तांबडी व निळी रेषा हायड्रोजनची, हे ओळखणे कठीण नव्हते. तिसरी होती पिवळी-नारिंगी. हर्शेल यांनी ती सोडियमच्या 'डी' या प्रसिद्ध रेषेच्या जागची मानली. इतर निरीक्षकांनीही 'डी' किंवा तिच्या अगदी जवळची अशीच नोंद केली. सूर्यात सोडियम असतोच. तेव्हा संशय घेण्याचे कारण कोणास वाटले नाही.

झान्सेन यांच्या मनात वेगळाच विचार आला. इतक्या तेजस्वी रेषा ग्रहणावाचूनही दिसावयास हव्यात! दुसऱ्या दिवशी, लख्ख उन्हात, गुंटूरलाच त्यांनी त्या पाहिल्या. इकडे लंडनमध्ये लॉकियर यांना ही वार्ता नव्हती. पण तोच विचार त्यांनीही स्वतंत्रपणे केला होता, आणि २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांनाही सूर्यज्वालांच्या रेषा ग्रहणाशिवाय दिसल्या. दोघांचे वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत वाचले गेले. फ्रेंच सरकारने पुढे दोघांची मुखे असलेले पदक पाडले.

बारकाईने मोजताच पिवळ्या रेषेचे बिंग फुटले. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. ही नवी रेषा ५८७.६ वर होती. फरक दीड नॅनोमीटरचा. पण वर्णपटाच्या शास्त्रात शेजारी असणे म्हणजे तेच असणे नव्हे. पृथ्वीवरील कोणतेही ज्ञात द्रव्य ही रेषा देत नव्हते. लॉकियर यांनी रसायनज्ञ फ्रँकलंड यांच्या साहाय्याने हायड्रोजनपासून ती मिळविण्याची खटपट केली. ती व्यर्थ गेली. तेव्हा हे नवेच मूलद्रव्य असले पाहिजे असे ठरवून ग्रीक भाषेतील सूर्यवाचक 'हेलिओस' या शब्दावरून त्यास हेलियम हे नाव मिळाले.

या नावातच एक चूक दडलेली आहे. सोडियम, पोटॅशियम, लिथियम या धातूंच्या नावांना जो शेवट आहे तोच हेलियमला दिला गेला, कारण हे द्रव्य धातू असावे अशी त्या वेळची समजूत होती. निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन या त्याच्या सख्ख्या भावंडांची नावे पाहा. त्यांचा शेवट निराळा आहे. नावावरून हेलियम एका कुळातला वाटतो आणि आहे मात्र दुसऱ्याच कुळातला.

उभे नाते, आडवी चाल

कूळ म्हटले म्हणजे गणाचा विषय आला. हेलियमचे नाव उच्चारले गेले त्याच सुमारास, १८६९ मध्ये, रशियात दिमित्री मेंडेलेव्ह यांनी आपली आवर्तसारणी प्रसिद्ध केली. त्या वेळी ६३ मूलद्रव्ये माहीत होती. अणुभाराच्या चढत्या क्रमाने ती मांडली असता ठराविक अंतराने सारख्या गुणधर्माची मूलद्रव्ये पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी पाहिले. जर्मनीत लोथर मायर हेही त्याच निष्कर्षाजवळ पोहोचले होते. इंग्लंडातील न्यूलंड्स यांनी त्याआधीच, १८६५ मध्ये, दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते असे सांगून त्यास 'अष्टकांचा नियम' म्हटले होते. आपण मूलद्रव्ये वर्णानुक्रमाने मांडून पाहिली आहेत काय, असा कुत्सित प्रश्न त्यांना रसायनशास्त्र परिषदेत विचारण्यात आला. उपहास करणाऱ्याचे नाव विसरले गेले तरी उपहास टिकून राहतो, तो असा.

अनुवादकाने येथे शब्दांविषयी थोडे बोलावे. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांत मूलद्रव्यास 'तत्त्व' आणि उभ्या रांगेस 'वर्ग' किंवा 'समूह' म्हणतात. मराठीने 'गण' हा शब्द पत्करला, आणि तो मला अधिक नेमका वाटतो. गण म्हणजे नुसता जमाव नव्हे. समान लक्षणांनी बांधलेला समुदाय. 'आवर्त' तर आपल्या कानांना परिचितच आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा पुऱ्या झाल्या की आवर्तन संपते आणि सम पुन्हा येते. प्रत्येक आवर्तनातील पहिली मात्रा ही सम. ती कितव्यांदा आली यास महत्त्व नाही, तिचा गुण तोच. मूलद्रव्यांच्या सारणीत एकेक आडवी ओळ म्हणजे एकेक आवर्तन, आणि सर्व ओळींतील एकाच मात्रेवर उभी असलेली मूलद्रव्ये म्हणजे एक गण. दृष्टान्त येथवरच चालतो. कारण तालातील आवर्तने सारख्या लांबीची असतात, मूलद्रव्यांची तशी नसतात. हे वैचित्र्य पुढे येईलच.

प्रथम एक गण पाहू. पहिल्या गणात लिथियम, सोडियम, पोटॅशियम हे धातू आहेत. तिन्ही इतके मऊ की सुरीने कापावेत, इतके हलके की पाण्यावर तरंगावेत, आणि इतके उतावळे की हवेपासून वाचविण्यासाठी तेलात ठेवावे लागावेत. क्लोरीनशी तिन्ही एकास एक या प्रमाणात संयोग पावतात. तथापि एका गणातील असणे म्हणजे एकरूप असणे नव्हे. पाण्यावर टाकल्यास लिथियम संथपणे फसफसतो. सोडियम वितळून त्याची गोळी इकडून तिकडे धावू लागते. पोटॅशियम जांभळट ज्वालेने पेट घेतो. आणि त्याच गणात आणखी खाली असलेला सीझियम तर स्फोटच घडवितो. वरून खाली जाताना उतावळेपणा वाढत जातो. गणाचा अर्थ असा दुहेरी आहे : स्वभाव समान, पण मात्रा क्रमाने बदलणारी.

दुसऱ्या टोकाला सतरावा गण. फ्लुओरीन आणि क्लोरीन वायू, ब्रोमीन द्रव, आयोडीन घन. सारे उग्र, सारे धातूंशी संयोग करून लवणे देणारे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध झालेल्या शिरोड्याच्या मिठागरात जे मीठ पिकते त्याच्या प्रत्येक कणात पहिल्या गणाचा सोडियम आणि सतराव्या गणाचा क्लोरीन एकास एक बांधलेले असतात.

आता आडवे चालू. तिसऱ्या आवर्तात सोडियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक आणि क्लोरीन अशी रांग आहे. येथे शेजाऱ्याशेजाऱ्यांत साम्य शोधू नये. येथे पाहावयाची ती चाल. डावीकडे चकचकीत धातू, मध्ये अर्धवट स्वभावाचा सिलिकॉन, उजवीकडे पूर्ण अधातू. सोडियमचे ऑक्साइड पाण्यात तीव्र अल्क देते, गंधकाचे आम्ल देते, ॲल्युमिनियमचे आम्ल व अल्क दोहोंशी जुळवून घेते. हायड्रोजनचे किती अणू प्रत्येकजण धरू शकतो हे मोजले तर क्रम मिळतो तो असा : सोडियम एक, मॅग्नेशियम दोन, ॲल्युमिनियम तीन, सिलिकॉन चार, मग फॉस्फरस तीन, गंधक दोन, क्लोरीन एक. या धरण्याच्या शक्तीस संयुजा म्हणतात. भरती येते आणि ओहोटी लागते.

ओहोटी एकवर येऊन थांबते. त्यानंतर शून्य यावयास नको काय? आज हा प्रश्न कोणताही चौकस विद्यार्थी विचारील. १८६९ मध्ये तो कोणी विचारला नाही. क्लोरीननंतर सारणी एकदम पोटॅशियमवर उडी घेत होती. परम अधातूनंतर परम धातू! या उडीत पायाखाली एक घर रिकामे आहे हे दिसले नाही.

न दिसलेली आळी

मेंडेलेव्ह यांना रिकामी घरे दिसत नव्हती असे नव्हे. उलट त्यांची कीर्ती त्याच दृष्टीवर उभी आहे. ॲल्युमिनियमखाली, बोरॉनखाली आणि सिलिकॉनखाली अशी घरे मोकळी ठेवून तेथे येणाऱ्या अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्म त्यांनी १८७१ मध्येच लिहून ठेवले. त्यांना नावे देताना त्यांनी संस्कृतातील 'एक' हा शब्द योजला : एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन, म्हणजे त्या त्या गणात एक घर खाली. १८७५ मध्ये फ्रान्सात गॅलियम सापडला. शोधकर्त्या ल कॉक द ब्वाबोद्राँ यांनी त्याची घनता ४.७ सांगितली. मेंडेलेव्ह यांनी कळविले की ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे. आपला नमुना शुद्ध करून पुन्हा मोजावी. पुन्हा मोजली, ५.९ भरली. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता त्याने तो हातात असलेल्याची चूक काढली! १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम येऊन उरलेली दोन घरेही भरली.

ही घरे मोकळी दिसली, कारण त्यांना शेजार होता. वर सिलिकॉन, खाली कथिल, मध्ये जागा. तेव्हा येणारा कसा असेल हे वरच्या-खालच्यांवरून आणि डावी-उजवीकडच्यांवरून ताडता येत होते. पण जेथे सबंध गणच अज्ञात आहे तेथे शेजार कोठून आणावा? वस्तीतील रिकामे घर नजरेत भरते. जी आळी अजून बांधलीच नाही ती दिसत नाही. शिवाय रसायनज्ञ मूलद्रव्यांची ओळख करून घेतात ती त्यांच्या संयुगांवरून. ज्याचे कोणाशी देणेघेणेच नाही त्याचे नाव जमाखर्चाच्या वहीत चढणार कसे?

म्हणून हेलियम सव्वीस-सत्तावीस वर्षे बाहेर ताटकळत राहिला. सूर्यात त्याची रेषा दिसे. सारणीत त्यास जागा नव्हती. आणि पृथ्वीवर तो सापडत नव्हता. पुष्कळ रसायनज्ञांनी ही ज्योतिर्विदांची कल्पना समजून सोडून दिली.

दार उघडले ते अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या फरकाने. लॉर्ड रॅले यांनी नायट्रोजनची घनता मोजली. हवेतून मिळविलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम भरला आणि रासायनिक संयुगांतून मिळविलेला सुमारे १.२५१ ग्रॅम. फरक अर्ध्या टक्क्याचा. दुसरा एखादा प्रयोगकर्ता तो हातचलाखीच्या नावे खर्ची टाकून मोकळा झाला असता. रॅले यांनी टाकला नाही. विल्यम रॅम्झे यांनी हवेतील नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेऊन शोषून टाकला, तेव्हा मागे एक वायू उरला. तो कशाशीही संयोग पावेना. १८९४ मध्ये त्यांनी ही वार्ता जाहीर केली व त्यास ग्रीक भाषेतील 'आळशी' या अर्थाच्या शब्दावरून आर्गॉन हे नाव दिले. हवेच्या शंभर भागांत जवळजवळ एक भाग आर्गॉन आहे. कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून अधिक! आपण जन्मभर तो श्वासाबरोबर आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. कॅव्हेंडिश यांनी १७८५ मध्ये हवेतील नायट्रोजन संपवून पाहिला तेव्हा त्यांच्या नळीतही एक छोटा बुडबुडा शिल्लक राहिला होता. तो बुडबुडा पुढील शंभराहून अधिक वर्षे कोणी उचलला नाही.

मार्च १८९५ मध्ये रॅम्झे यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून निघणारा वायू तपासला. अपेक्षा होती आर्गॉनची. वर्णपटात पिवळी रेषा उमटली. प्रथम वाटले ती सोडियमची असावी. सत्तावीस वर्षांपूर्वीची गल्लत पुन्हा दारात उभी! पण मोजताच ती त्या जागची ठरली नाही. नमुना क्रुक्स यांच्याकडे गेला आणि त्यांनी निर्वाळा दिला की ही सूर्यातील हेलियमचीच रेषा आहे. खनिजात तो आला कोठून, याचा उलगडा पुढे रदरफर्ड यांनी केला : युरेनियम आणि थोरियम यांच्या अणूंतून बाहेर फेकले जाणारे अल्फा कण म्हणजेच हेलियमचे अणुकेंद्र होय. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतही थोरियममुळे हेलियम साठलेला असतो.

आता हेलियम आणि आर्गॉन असे दोन सभासद झाले. दोहोंची संयुजा शून्य. तेव्हा क्लोरीनच्या गणानंतर एक नवा गण उभा करावा, आणि त्यात या दोघांच्या मध्ये आणखी एक घर असावे, हे रॅम्झे यांच्या ध्यानात आले. १८९७ मध्ये टोरोंटो येथे त्यांनी भाषण दिले त्याचा विषयच 'एक न सापडलेला वायू' हा होता. आळी बांधली जाताच तिच्यातील रिकामी घरे दिसू लागली ती अशी.

१८९८

ते वर्ष उजाडले आणि जानेवारीत लॉकियर विजयदुर्गास उतरले. आता ते तरुण हौशी निरीक्षक नव्हते. साठी ओलांडलेले नामांकित ज्योतिर्विद होते, आणि त्यांच्या मदतीस ब्रिटिश आरमाराच्या 'मेल्पोमीन' या जहाजावरील मंडळी होती. किल्ल्यावरील ओट्यांची सांगड घालावयाची ती या मोहिमेशी. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे वेधशाळेचा तळ दिला होता. हिंदी शास्त्रज्ञाने स्वतः आखलेल्या या मोहिमेचे नाव मात्र विजयदुर्गाच्या कथेइतके कोणाच्या तोंडी नाही. याची खंत वाटते.

ग्रहण आटोपून चारच महिने झाले आणि मे महिन्याच्या अखेरीस रॅम्झे व त्यांचे तरुण सहकारी मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी द्रवरूप हवेतून क्रिप्टॉन वेगळा केला. जूनमध्ये निऑन मिळाला; हाच तो भाकीत केलेला वायू. जुलैमध्ये झेनॉन. एका उन्हाळ्यात तीन घरे भरली. मेंडेलेव्ह यांना आर्गॉन प्रथम पटला नव्हता. तो नायट्रोजनचेच तीन अणू जुळून झालेले रूप असावे असे त्यांना वाटे. पुढे त्यांनी हा गण मान्य केला, आणि त्यामुळे आपली सारणी मोडली नाही, उलट पुरी झाली, हे त्यांनी ओळखले. न्यूलंड्स यांच्या अष्टकाचे मात्र गणित बदलले. कारण नव्या गणाची भर पडल्यावर आठव्याऐवजी नववे मूलद्रव्य पहिल्यासारखे ठरते.

हे ट्रॅव्हर्स पुढे हिंदुस्थानात आले आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले. त्या संस्थेसाठी बंगळूरची जागा सुचविण्याचे काम खुद्द रॅम्झे यांनी केले होते. निऑन शोधणाऱ्या दोघांचाही आपल्या देशातील विज्ञानाशी असा निकटचा संबंध आला.

आवर्ते लहानमोठी का?

एक अडचण उरली होती. आर्गॉनचा अणुभार जवळजवळ ४०, पोटॅशियमचा ३९. अणुभाराचा क्रम पाळावा तर आर्गॉन पहिल्या गणात, सोडियमखाली जाऊन बसतो आणि पोटॅशियम आळशांच्या गणात! हे उघड उघड हास्यास्पद होते. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी क्ष-किरणांच्या मोजमापातून दाखविले की मूलद्रव्यांचा खरा क्रम अणुभाराचा नसून अणुक्रमांकाचा, म्हणजे अणुकेंद्रावरील धनभाराचा आहे. आर्गॉन १८, पोटॅशियम १९. वाद मिटला. मोझली दोन वर्षांनी, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले.

अणुक्रमांक जितका, तितके इलेक्ट्रॉन अणुकेंद्राभोवती असतात, आणि ते कवचांत बसतात. पहिल्या कवचात दोनच मावतात. म्हणून पहिल्या आवर्तात दोनच मूलद्रव्ये, हायड्रोजन आणि हेलियम. दुसऱ्या कवचात आठ. म्हणून दुसरे आवर्त आठांचे, लिथियमपासून निऑनपर्यंत. तिसऱ्या कवचात वस्तुतः अठरा मावतात; पण आठ भरले की एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जाऊन बसतो व तेथे पोटॅशियमपासून नवे आवर्त सुरू होते. तिसऱ्या कवचातील राहिलेल्या दहा जागा मागाहून, स्कँडियमपासून जस्तापर्यंत, भरल्या जातात. त्या दहांची भर पडून चौथे आवर्त अठरांचे झाले. पाचवेही अठरांचे, सहावे व सातवे बत्तीसांचे. यांची बेरीज करावी. २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८ असे आकडे मिळतात. ते हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन, रेडॉन आणि ओगॅनेसॉन यांचे अणुक्रमांक आहेत. शेवटच्या ओगॅनेसॉनला २०१६ मध्ये नाव मिळाले आणि सातवे आवर्त पुरे झाले. हा वायूंचा गण म्हणजे जणू प्रत्येक ओळीच्या शेवटचा दंड होय.

तेव्हा आवर्ताचा क्रमांक सांगतो की बाहेरचे कवच कितवे. आणि गण सांगतो की त्या कवचात देण्याघेण्यास किती इलेक्ट्रॉन आहेत. पहिल्या गणात एक, दुसऱ्यात दोन. तेराव्यापासून पुढे गणाच्या क्रमांकातून दहा वजा करावे. मधल्या, म्हणजे तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतच्या गणांना हा सोपा हिशेब लागू पडत नाही. येथे ग्रंथालयातील जुनी पुस्तके चाळणाऱ्यांस एक सूचना : एक ते अठरा हे क्रमांक १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने सुचविले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत गणांना रोमन आकडे असत आणि आर्गॉनचा गण 'शून्य गण' म्हणून येत असे. दोन्हींत विरोध नाही.

हा हिशेब हेलियमला लावून पाहा. अठरा वजा दहा, आठ. पण हेलियमजवळ इलेक्ट्रॉन आहेत दोनच! केवळ गणती पाहिली तर त्याने दुसऱ्या गणात बेरिलियमच्या डोक्यावर बसावयास हवे, आणि असे मांडावे म्हणणारे काही रसायनज्ञ आजही आहेत. पण बेरिलियम हा १,२८७ अंश सेल्सिअसला वितळणारा कठीण धातू, तर हेलियम उणे २६९ अंशांना उकळणारा वायू. बेरिलियमचे दोन इलेक्ट्रॉन आठ जागांच्या कवचात बसलेले, म्हणून सुटण्यासारखे. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन दोनच जागांच्या कवचात, म्हणून घर भरलेले. इलेक्ट्रॉन किती आहेत यापेक्षा कवचात जागा उरली आहे की नाही, यावर स्वभाव ठरतो. सारणीने येथे स्वभावाचा कौल मानला आहे, आणि माझ्या मते तो योग्य आहे. हायड्रोजनची स्थिती याहून अवघड आहे : त्याचा इलेक्ट्रॉन सोडियमसारखा एक, आणि कवच भरण्यास क्लोरीनप्रमाणे उणीवही एकाची. तक्त्यात तो पहिल्या गणावर बसविलेला असतो, पण त्या गणातील धातूंत तो पाहुण्यासारखाच राहतो.

अठराव्या गणास पूर्वी 'निष्क्रिय वायू' म्हणत. १९६२ मध्ये नील बार्टलेट यांनी झेनॉनचे संयुग तयार केले आणि ते विशेषण ढिले पडले. हल्ली मराठी पाठ्यपुस्तके 'राजवायू' असे म्हणतात. गणात वरून खाली जाताना मात्रा बदलते हा नियम येथेही दिसतो. खालच्या झेनॉनचे बाह्य इलेक्ट्रॉन केंद्रापासून दूर असल्यामुळे त्यास फ्लुओरीनसारख्यापुढे नमावे लागते. सर्वांत वरचा हेलियम कोणापुढे नमत नाही. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी हेलियमला एका घन संयुगात बसविल्याचे प्रसिद्ध केले. त्यासाठी वातावरणाच्या सुमारे अकरा लक्ष पट दाब द्यावा लागला. त्याचा जोडीदार होता सोडियम, ज्याच्या रेषेशी जमखंडीच्या ग्रहणात त्याची गल्लत झाली होती. दोन सोडियमच्या अणूंमागे एक हेलियमचा अणू अशी ती रचना होती. आणि तीतही हेलियमने सोडियमकडून इलेक्ट्रॉन घेतला नाही की त्यास दिला नाही.